रिकामे तास

राग कुणाचा आला ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पट्ट्याचा नाही आला. पट्टा बिचारा रबराचा आणि काचेचा, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं सांगितलं. राग आला तो धडधाकट डोळे असलेल्या माणसांचा. त्यात माझे थोरले दीर आले, पुतण्या आला, एक चांगला शिकलेला डॉक्टर आला, आणि ज्यांच्यासाठी एवढा राग राग केला त्या माझ्या जाऊबाईंचाही थोडा आलाच.

जाऊबाई म्हणजे रत्नमाला मगदूम. जयसिंगपूरला आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणतात. मी सुनेत्रा, धाकटी जाऊ, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. घर एकच, मधे भिंत. अलीकडे मी, माझे यजमान बेळगावला नोकरीला. पलीकडे आक्का आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे आण्णा. त्यांचा मुलगा सम्मेद बंगळूरला असतो. चूल मात्र एकच, पलीकडची. माझा कॉलेजचा डबासुद्धा तिथूनच यायचा.

आक्कांना अंडाशयाचा कर्करोग निघाला तेव्हा नदीपलीकडच्या कर्करोग केंद्रात आम्ही त्यांना घेऊन गेलो. नवीन केंद्र, चकाचक. डॉक्टर हुद्दारांनी कागदावर पोट काढून नीट समजावलं. आधी केमोचे तीन डोस, त्यानं गाठ आकसेल. मग ऑपरेशन, त्यात जेवढं काढता येईल तेवढं काढायचं. मग उरलेले डोस. "ऑपरेशन हा खरा घाव," ते म्हणाले, "तो नीट बसला तर पुढची कितीतरी वर्षं हातात येतात. पण तो सोसायला शरीरात दम पाहिजे."

तो दम मोजायला पट्टा. केंद्रातल्या प्रत्येक रुग्णाला देतात. त्याचं नाव 'सोबती'. नोंदणीच्या खोलीत एक बोलकं यंत्र होतं, अगदी गोड आवाजात मराठी बोलणारं. त्यानं आक्कांना वय विचारलं, वजन विचारलं, आणि मग विचारलं, "आपण रोज कोणतं शारीरिक काम करता?"

आक्का म्हणाल्या, "काही नाही. घरीच असते."

यंत्र म्हणालं, "धन्यवाद."

मी शेजारीच उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे जनगणनेवाल्यापासून लग्न जमवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना बायका हेच उत्तर देत आल्यात.

पट्टा काय करतो ते थोडक्यात सांगते. पूर्वी रुग्ण किती खमका आहे हे डॉक्टर नजरेनं ठरवायचे. आपला आपण उठतो का, अंघोळ करतो का, दिवसातला किती वेळ अंथरुणात काढतो, अशा प्रश्नांवरून शून्य ते चार असा एक आकडा द्यायचे. डोस किती सोसेल, ऑपरेशन झेपेल का, हे त्या एका आकड्यावर ठरायचं. दोन डॉक्टर एकाच रुग्णाला दोन आकडे द्यायचे, आणि दवाखान्यात आलं की रुग्णही उसनं अवसान आणून ताठ बसायचा. पट्ट्याला ते अवसान चालत नाही. त्याच्या पोटातला हिरवा उजेड कातडीखालची नाडी बघतो, आतला काटा हाताची प्रत्येक हालचाल टिपतो, झोप मोजतो, अंगाची ऊब मोजतो. महिनाभराच्या या नोंदींतून एक गुण निघतो आणि घरच्यांच्या फोनवर दिवा लागतो. हिरवा म्हणजे दम आहे, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे नाही.

आणि हे सोंग नव्हतं, खरोखर कामाचं होतं. पहिल्या डोसानंतर आठवड्यानं आक्का संध्याकाळी टीव्हीपुढे बसल्या असताना पट्टा गुणगुणला. आक्कांना काहीच वाटत नव्हतं. केंद्राची गाडी आली, रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या आणि ताप नुकता चढू लागलेला. उद्यापर्यंत थांबला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात पट्ट्याला देवाच्या खालोखाल मान मिळाला. आण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माणसाला कळत नाही ते ह्याला कळतं."

मग दिवा पिवळा झाला.

सम्मेदचा फोन रोजचा. पूर्वी तो "आई, जेवलीस का?" असं विचारायचा. आता दिवा बघून सुरुवात करायचा.

"आई, कालही पिवळाच. तू नुसती बसून असतेस."

"न्हाई रे, असतंय की काय ना काय."

"काय ना काय नव्हे. चालायला पाहिजे. उठून चाल जरा. मनावर घे."

फोन ठेवल्यावर आक्का मला म्हणायच्या, "खरंच गं सुनेत्रा, मी आळशी झाले की काय? मला कळतच नाही बघ. संध्याकाळी एवढी दमते, आणि केलं काय म्हणावं तर काही नाही."

सम्मेदनं घरात चालायचं यंत्र पाठवलं. माजघरात अर्धी जागा त्यानंच खाल्ली. आक्का दुपारी पट्टा घालून त्यावर पाच मिनिटं चालायच्या आणि धाप लागून उतरायच्या. ती धापसुद्धा पट्टा इमानानं कळवायचा. मग दुसऱ्या डोसाच्या वेळी डॉक्टर हुद्दारांनी पडद्याकडे बघत सांगितलं, "गुण कमी आलाय. डोस थोडा उतरवू या. सोसणार नाही." पडद्यावर गुण होता, आणि पडद्याच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, आक्का बसल्या होत्या. त्यांच्याकडे ते बघत नव्हते असं नाही. नमस्कार करताना बघितलं होतं.

तिसऱ्या डोसाच्या आधी निरोप आला. सगळ्यांच्या फोनवर एकदमच आला. दिवा लाल. 'शस्त्रक्रियेसाठी सध्या अपात्र. सौम्य उपचार सुचवले आहेत.' सौम्य उपचार म्हणजे काय ते आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्रास कमी ठेवायचा आणि वाट बघायची.

त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण होतं. आण्णा पाटावर, मी शेजारी, आणि आक्का गॅसपाशी उभ्या राहून भाकरी थापत होत्या. तव्यावरची फुगलेली भाकरी काढून त्यांनी आण्णांच्या ताटात घातली.

आण्णांनी ती मोडली आणि डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाले, "तिच्या अंगात आता काही राहिलं नाही, सुनेत्रा. मला तर दिसतंयच. कशाला उगीच कापाकापी? सुखानं राहू दे." मग ताट जरा पुढे सरकवून आक्कांना, "जरा मिरचीचा खर्डा वाढ गं," म्हणाले.

आक्कांनी खर्डा वाढला.

माझा घास तोंडातच फिरत राहिला. समोर एक बाई उभी आहे, परातीत पीठ मळतेय, दोन्ही तळव्यांनी भाकरी थापतेय, आणि तिचा नवरा तिच्याच हातची भाकरी खात खात तिच्या अंगात काही राहिलं नाही म्हणून रडतोय. रडणं खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत. आण्णांचं आक्कांवर जीवापाड प्रेम. पण फोनवरचा लाल दिवा त्यांना दिसला होता आणि ताटातली भाकरी दिसली नव्हती. भाकरी कुठून येते हे गेल्या चाळीस वर्षांत त्यांना कधी बघावंच लागलं नव्हतं.

"आण्णा," मी म्हटलं, "ही भाकरी कुणी केली?"

"म्हणजे? हिनंच की."

"मग?"

"अगं, भाकरीचं काय घेऊन बसलीस? मी ताकदीचं बोलतोय."

मी ताट तसंच ठेवून उठले. अन्नाचा अपमान झाला, आक्कांनी तोंडावर पदर घेतला, पण मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला रजा टाकली आणि सकाळीच पलीकडे गेले. एरवी सकाळी मी कधी जात नसे. डबा खिडकीतून यायचा आणि मी पळायची. आक्का घरात नव्हत्या. गच्चीवरून झटकल्यासारखा आवाज येत होता. स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीवर त्यांची कानातल्यांची डबी उघडी होती. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला सोबती. काचेवर कंपनीनं लावून दिलेला पातळ पापुद्रा अजून तसाच. एक ओरखडा नाही.

मी गच्चीवर गेले. आक्का ओली चादर पिळून तारेवर टाकत होत्या. डोक्याला रुमाल, हातात हिरव्या बांगड्या.

"आक्का, पट्टा?"

"आहे की खाली. जपून ठेवलाय."

"कधी काढलात?"

"उठल्यावर. रोजच काढते." मी तोंडाकडे बघत राहिले म्हणून त्या समजावू लागल्या. "अगं, चांगली वस्तू ती. पीठ जाईल, साबण लागेल. परत द्यायचीय दवाखान्याला. भांडी घासताना घालून कसं चालेल? काम उरकलं की घालते की. दुपारी पडताना घालते, टीव्ही बघताना घालते, झोपताना तर घालतेच. एक दिवस चुकवला नाही."

"पाण्यात चालतो तो. पुस्तिकेत लिहिलंय."

"लिहितात गं. सम्मेदचं घड्याळ पाण्यात चालतं म्हणत होते, एका पावसात गेलं."

मी तिथंच टाकीच्या कठड्यावर बसले. हसू येत होतं आणि त्याच्या मागोमाग संताप येत होता. पट्ट्यानं आक्कांना कधी उभ्या बघितलंच नव्हतं. अंथरुणात बघितलं होतं, खुर्चीत बघितलं होतं. माणसानं आयुष्यात एकदाही काम केलं नसावं असं एक चित्र त्यानं केंद्राला पाठवलं होतं. शोकेसमधला काचेचा सेट पाहुण्यांशिवाय बाहेर निघत नाही, चांगली साडी ट्रंकेत राहते, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी असते, अशा घरात महागाची वस्तू कामाच्या वेळी अंगावर राहील असं ज्या कंपनीला वाटलं, तिनं आमच्याकडे यायच्या आधी एखाद्या स्वयंपाकघरात डोकावायला हवं होतं.

गच्चीवरूनच मी सम्मेदला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अरे देवा," तो म्हणाला. मग लगेच, "पण आईनं सांगायला नको का, काकी? मला जे दिसतं त्यावरच मी बोलणार ना."

"दिवाळीत आठवडाभर इथं होतास. कुणाच्या हातचं जेवलास?"

"आईच्याच," तो म्हणाला.

"तुझे कपडे कुणी धुतले? तू इथं होतास, डोळे बरोबर आणले होतेस. तेव्हाही तू तिला म्हणालास, आई, चालत जा जरा."

"काकी, मी काळजीनंच बोललो."

"माहीत आहे. म्हणूनच तर जास्त राग येतोय," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी केंद्रात गेलो. आण्णाही आले. वाटेत मी त्यांना पट्ट्याचं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मग आता घालायचा नेहमी. मिटलं की." मिटलं की! पुढचा डोस तोंडावर आला होता आणि तिसऱ्या डोसानंतर ऑपरेशनची वेळ टळली तर गाठ पुन्हा डोकं वर काढते, हे याच माणसानं माझ्याबरोबर बसून ऐकलं होतं.

डॉक्टर हुद्दार तसे सज्जन. आम्हाला मधेच आत घेतलं, माझं सगळं ऐकलं, आणि कंपनीच्या बाईंना पडद्यावर बोलावलं. त्या पुण्याच्या कचेरीतून बोलत होत्या. शांत, नम्र, मधाळ.

"मॅडम, पट्टा काढलेला असतो हे आमच्या प्रणालीला कळतं," त्या म्हणाल्या. "ते तास रिकामे धरून सोडून देत नाही आम्ही. रुग्णाच्या बाकीच्या नोंदींवरून भरतो."

"म्हणजे बसलेल्या तासांवरून."

"घातलेल्या तासांवरून. आणि नोंदणीत रुग्णानं स्वतःच शारीरिक काम 'काही नाही' असं सांगितलंय. दोन्ही माहिती एकमेकींशी जुळते."

"जुळणारच! तुम्ही तिला बसलेली असतानाच बघितलंय!"

इथं मला जरा मास्तरकी करू द्या, कारण सगळी गोम इथंच आहे. नोंदींत जागा रिकाम्या राहिल्या तर दिसलेल्या तासांवरून न दिसलेल्या तासांचा अंदाज बांधायचा, ही रीत वाईट नाही. मीही वर्गात शिकवते. पण तिला एक अट असते. जागा आपल्या कशाही रिकाम्या पडलेल्या असाव्यात. एखाद्या दिवशी पट्टा चार्जिंगला लावला, एखाद्या दिवशी विसरला, तर अंदाज फारसा चुकत नाही. पण जागा ज्या कारणानं रिकामी पडली तेच कारण तिथं काय चाललं होतं ते ठरवत असेल, तर सगळा अंदाज उलटा पडतो. आक्का काम करायचं म्हणूनच पट्टा काढत होत्या. शाळा तपासायला साहेब रोज मधल्या सुट्टीतच येऊ लागला आणि मुलं कधी अभ्यासच करत नाहीत असा शेरा मारून गेला, तर शेरा पक्का असेल, पुराव्यासकट असेल, आणि साफ खोटा असेल.

पडद्यावरच्या बाईंना हे कळलं. त्या मूर्ख नव्हत्या. पण म्हणाल्या, "पट्टा सतत घालावा ही सूचना पुस्तिकेत आहे. रुग्णानं आता पंधरा दिवस सलग घातला तर गुण नव्यानं काढता येईल."

"घालते की पंधरा दिवस," आक्का लगेच म्हणाल्या. आयुष्यभर त्या अशाच लगेच म्हणत आल्यात.

"नाही घालायचा," मी म्हटलं. "पंधरा दिवस कुणाच्या आयुष्यातले जाणार आहेत? डॉक्टर, आक्का इथं बसल्यात, तुमच्यापुढे. हा आकडा पूर्वी तुम्हीच द्यायचात ना? मग बघा आणि द्या."

"अधिकार आहे मला," हुद्दार सावकाश म्हणाले. "पण यंत्राविरुद्ध आकडा दिला तर उद्या ऑपरेशन टेबलावर काही झालं तर जबाबदार मी."

"आणि आता, ऑपरेशन न होता काही झालं तर?"

त्यांनी नजर पडद्याकडे वळवली. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की लाल दिव्याचा खरा उपयोग काय आहे. त्याच्यामागे उभं राहिलं की माणसाला सही करावी लागत नाही.

मग हुद्दारांनी पडदा बंद केला, खुर्ची आक्कांकडे वळवली आणि विचारलं, "घरात काय काय काम करता तुम्ही?"

आक्का संकोचून हसल्या. "काही नाही ओ. घरीच असते."

"हो," आण्णा म्हणाले. "घरीच असते ती."

मी कपाळावर हात मारला. एवढं सगळं करून गाडी पुन्हा तिथंच. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत 'बघा आता' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आक्का," मी म्हटलं, "काम म्हणून सांगू नका. आज उठल्यापासून गाडीत बसेपर्यंत काय काय झालं, तेवढंच सांगा. गोष्ट सांगितल्यासारखं."

"आता गं, त्यात काय सांगायचं?" त्या आण्णांकडे बघून मग डॉक्टरांकडे वळल्या. "उठले. पाणी गाळून भरून ठेवलं. अंगण झाडून सडा घातला. दूध तापवलं. ह्यांचा चहा. मग भाजी चिरली, पीठ मळलं. भाकऱ्या केल्या. मधे बसले थोडी, दम लागतो आता. बसते आणि उठते. भांडी घासली. धुणं धुतलं. गच्चीवर वाळत घातलं. मग दवाखान्यात यायचं ठरलं म्हणून संध्याकाळच्याही भाकऱ्या करून ठेवल्या. फरशी पुसायची राहिली बघा, सुनेत्रानं घाई केली."

"गच्ची कितव्या मजल्यावर?"

"दोन जिने आहेत."

"धुण्याची बादली कोण नेतं वर?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

"भरलेली?"

आक्कांना प्रश्नच कळला नाही. "रिकामी नेऊन काय करू ओ?" त्या म्हणाल्या.

डॉक्टर हुद्दार उठले. त्यांनी आक्कांना हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला लावलं, पुन्हा बसायला लावलं, परत उठायला लावलं. पोट तपासलं, पाय दाबून बघितले. बाहेरच्या बोळात त्यांना घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, शेजारी शेजारी, बोलत. मी दारातून बघत होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. आक्का ताज्यातवान्या होत्या, कारण कित्येक दिवसांनी त्यांच्याशी डॉक्टर एवढं बोलले होते.

"नाव पाठवतो ऑपरेशन ठरवणाऱ्या मंडळाकडे," ते म्हणाले. "माझ्या सहीनं. तिसरा डोस पूर्ण देऊ."

"आणि दुसरा कमी दिला त्याचं?"

त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "तो मागे जाऊन देता येत नाही," ते म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण माणूस खरं बोलला होता, आणि त्या खोलीत त्या दिवशी खरं बोलणं दुर्मीळ होतं, म्हणून गप्प बसले.

आम्ही बाहेर आलो. आण्णांनी आक्कांची पिशवी आपल्या हातात घेतली होती. चाळीस वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं असं म्हणणार होते, पण मला त्या घरात येऊन तेवढी वर्षं झालेली नाहीत. दाराशी थांबून ते आक्कांना अगदी हळू म्हणाले, "भरलेली बादली तू वर नेतेस?"

"मग काय तुम्ही नेता?" आक्का म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. त्यांना खरंच गंमत वाटली असावी. आण्णांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली नाही. उद्यापासून बादली त्यांनी न्यावी, मग बघू.

बाहेर बसायची मोठी खोली आहे, बायकांच्या रांगा एका बाजूला, पुरुषांच्या दुसऱ्या. गाडी यायला वेळ होता म्हणून आक्का एका खुर्चीत टेकल्या आणि मी उभी राहिले. उगीच नजर फिरली ती रांगेतल्या मनगटांवरून. पुरुषांचे पट्टे चेपलेले, कुणाचा ग्रीसनं काळा पडलेला, कुणाच्या काचेला तडा. बायकांचे पट्टे लख्ख होते. कोरे. रांगेतल्या एका, दुसऱ्या, तिसऱ्या मनगटावर काचेवरचा पापुद्रासुद्धा जसाच्या तसा होता, कोपऱ्यात जरा सुटलेला एवढंच. एक बाई तर पदराच्या टोकानं तो पुसत होती.

केंद्र सुरू होऊन किती दिवस झाले, किती रांगा या खुर्च्यांवरून उठून गेल्या, आणि त्यांतल्या किती जणींना सौम्य उपचार सुचवले गेले असतील, याचा हिशेब मला करता आला असता. माझा विषयच तो. पण त्या वेळी मला तो करायचा नव्हता.

मी मागे वळून हुद्दारांच्या दाराकडे गेले. दारावरचा शिपाई हात आडवा करून म्हणाला, "बाई, तुमचा नंबर झाला की."

"माझा झाला. ह्या सगळ्या बायकांचा राहिलाय."

मागून आक्कांचा आवाज आला. पदरानं काच पुसणाऱ्या त्या बाईशी त्या बोलत होत्या. "पाहुणे कुठले तुम्ही? शिरोळचे व्हय? आणि घरात काम काय असतंय?"

"काही नाही ओ," ती बाई म्हणाली. "घरीच असते."

"तसं नव्हं," आक्का म्हणाल्या आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आज उठल्यापासून काय काय केलंस, ते सांग बघू मला."

ती बाई जरा लाजली, मग सांगायला लागली. मी शिपायाचा हात बाजूला केला आणि दार ठोठावलं.